डोळे हलले नाहीत, मग चक्कर कानाची नाही का?

या महिन्यात चकरेबद्दलची पत्रं भरपूर आली. कूस बदलली की घर फिरतं, मान वर करून माळ्यावरचा डबा काढायला गेलं की तोल जातो, असल्या तक्रारी तर नेहमीच्या, पण या वेळी बऱ्याच जणांनी तपासणीबद्दलच विचारलंय. डॉक्टर झोपवून डोळ्यात का बघतात, काळा गॉगल कशाला लावतात, एकाला दिसलं ते दुसऱ्याला का दिसलं नाही. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि आज फक्त हेच घेते.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझी आई ६४ वर्षांची आहे. दिवाळीनंतर एके दिवशी पहाटे तिने कूस बदलली आणि एकदम ओरडली की घर फिरतंय, पलंगाची कड घट्ट धरून बसली आणि मग उलटी झाली. उजवीकडे वळली तरी होतं, डावीकडे वळली तरी होतं, उठून स्वस्थ बसली की थोड्या वेळात थांबतं. गावातल्या डॉक्टरांनी मानेचा एक्सरे काढला, स्पॉन्डिलायटिस म्हणाले आणि मानेला पट्टा दिला. मग तालुक्याला एका कानाच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी तिची मान वळवून पटकन आडवं केलं, माझ्या नाकाकडे बघत राहा म्हणाले, दोन्ही बाजूंनी केलं आणि म्हणाले डोळे हलत नाहीयेत, म्हणजे कानाचं नाही. शेवटी पुण्याला भावाकडे नेलं. तिथे एका क्लिनिकमध्ये डोळ्यांवर काळा बंद गॉगल लावला, समोरच्या स्क्रीनवर तिचे डोळे मोठ्ठे दिसत होते, नुसतं सपाट झोपवून मान बाजूला वळवली तर डोळे इतके जोरात हलायला लागले की मीच घाबरले. मग त्यांनी तिला एका दिशेने टप्प्याटप्प्याने पूर्ण लोळवलं आणि दुसऱ्या दिवसापासून चक्कर गेली. माझा प्रश्न असा की बाई तीच, आजार तोच, मग आधीच्यांना डोळे हलताना का दिसले नाहीत? गॉगलने असं काय वेगळं होतं? — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, आईला बरं वाटतंय हे वाचून आनंद झाला. तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे कारण याचं उत्तर माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक महिनोन्‌महिने मानेचे पट्टे लावून आणि गोळ्या खाऊन बसतात.

आधी आजार काय ते थोडक्यात. आपल्या आतल्या कानात एका पिशवीसारख्या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक कण असतात, ते जेलीसारख्या थरावर चिकटलेले असतात. वयामुळे, डोक्याला मार लागल्यामुळे किंवा कधी कधी काहीच कारण न सापडता ते सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमध्ये जाऊन पडतात. अशा नळ्या प्रत्येक कानात तीन, मागची, आडवी आणि वरची. डोकं हललं की कण घरंगळतात, नळीतलं पाणी ढकललं जातं आणि मेंदूला निरोप जातो की डोकं गरगर फिरतंय, जरी माणूस गादीवर निवांत पडलेला असला तरी. यालाच आम्ही बीपीपीव्ही म्हणतो, म्हणजे डोक्याच्या विशिष्ट स्थितीत येणारी, थोडा वेळ टिकणारी, जिवाला धोका नसलेली चक्कर. मानेच्या मणक्यांचा याच्याशी काही संबंध नाही, साठीच्या पुढे एक्सरे काढला तर झिजलेले मणके बहुतेकांचे दिसणारच, म्हणून चक्कर मानेतून येते असं होत नाही.

आता डोळे. डोकं फिरतंय असा निरोप मिळाला की मेंदू लगेच डोळे उलट्या दिशेला सरकवतो, कारण डोकं हललं तरी समोरचं चित्र स्थिर राहावं अशी ही निसर्गाची सोय आहे. इथे डोकं खरं फिरतच नसतं, तरी डोळे हळूहळू एका बाजूला सरकतात, मग झटक्यात परत येतात, परत सरकतात, परत झटका. या हालचालीला नायस्टॅगमस म्हणतात. आणि यात एक फार उपयोगी गोष्ट आहे, प्रत्येक नळी ठरावीक डोळ्यांच्या स्नायूंना जोडलेली असल्यामुळे ज्या नळीत कण पडलेत त्या नळीच्या पातळीतच डोळे हलतात. हे जर्मन शरीरशास्त्रज्ञ एवाल्ड यांनी १८९२ मध्ये कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं आणि आज आम्ही ओपीडीत त्याच नियमावर चालतो. म्हणजे डोळे कुठल्या दिशेला, किती वेळ आणि किती जोरात हलले हे कळलं की कुठला कान, कुठली नळी हे सांगता येतं आणि मग कण बाहेर काढायची कुठली पद्धत वापरायची तेही ठरतं. स्कॅनमध्ये हे कण दिसत नाहीत, रक्ताच्या तपासणीत काही कळत नाही, सगळा पुरावा डोळ्यांत असतो आणि तोही काही सेकंदच.

आणि नेमका हाच पुरावा पेशंट स्वतः नकळत पुसून टाकू शकतो. कसा? एखाद्या गोष्टीकडे टक लावून!

डोळा आपोआप सरकायला लागला की समोरच्या वस्तूचं चित्र डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून घसरतं. मेंदूला हे अजिबात चालत नाही. लहान मेंदूचा एक छोटासा भाग हे घसरणं ओळखतो आणि कानाकडून आलेला हुकूम दाबून टाकतो, थांब, नजर इथेच ठेव म्हणून. चालत्या वस्तूचा नजरेने पाठलाग करताना जी यंत्रणा वापरली जाते, साधारण तीच इथे कामाला येते. फुगडी घालताना लहानपणी आपल्याला सांगायचे ना, इकडेतिकडे बघू नकोस, समोरच्या मैत्रिणीच्या तोंडाकडे बघ म्हणजे चक्कर येणार नाही, ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. तिचा चेहरा आपल्याबरोबरच फिरत असतो, त्यावर नजर रोखली की डोळ्यांची आपोआप होणारी हालचाल दबते. तपासणीच्या टेबलावर घाबरलेला पेशंट हेच करतो. छतावरचा पंखा, ट्यूबलाइट, डॉक्टरांचं नाक, जे सापडेल त्याला नजरेने धरून ठेवतो. तुमच्या आईला तर नाकाकडे बघा असं सांगितलंच होतं.

पण इथे तालुक्याच्या डॉक्टरांवर अन्याय करू नका. त्यांनी जे केलं ते पुस्तकातलंच आहे. त्या तपासणीला डिक्स-हॉलपाइक म्हणतात, लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी ती १९५२ मध्ये मांडली आणि त्यांच्या मूळ वर्णनातच पेशंटने तपासणाऱ्याच्या कपाळाकडे नजर ठेवावी असं आहे! मग नजर रोखूनही त्यांना डोळ्यांची हालचाल कशी दिसली? कारण ते ज्या प्रकारच्या पेशंटना तपासत होते त्यांच्यात बहुतेकदा मागच्या नळीत कण असतात. ही नळी सगळ्यात खालच्या पातळीला असल्यामुळे कण तिथेच जास्त पडतात, म्हणून बीपीपीव्हीचे बहुसंख्य पेशंट याच प्रकारचे. आणि मागच्या नळीमुळे डोळा नुसता वर झटकत नाही, तो स्वतःभोवती पीळ दिल्यासारखा फिरतोही, घड्याळाचा काटा थोडा पुढे मागे व्हावा तसं बुबुळ फिरताना दिसतं.

आता ही पिळाची हालचाल नजर रोखून दाबता येते का? जवळजवळ नाहीच. चेंडू डावीकडून उजवीकडे गेला तर डोळा त्याच्या मागे जातो, वर गेला तर वर जातो, पण तोच चेंडू जागच्या जागी स्वतःभोवती फिरला तर आपला डोळा त्याच्याबरोबर स्वतःभोवती फिरत नाही, पाठलागाची ती ताकद आपल्यात फार क्षीण आहे. म्हणून पिळाला नजरेचा लगाम बसत नाही. वर झटकण्याचा भाग नजर रोखल्यावर कमी होऊ शकतो, पीळ मात्र राहतो आणि उघड्या डोळ्यांनी, भर उजेडात, बिनगॉगलचा डॉक्टरसुद्धा तो बघू शकतो.

तुमच्या आईचं तसं नव्हतं. उजव्या आणि डाव्या दोन्ही कुशीवर चक्कर, सपाट झोपवून मान वळवल्यावर जोरात हालचाल, आणि उपचार म्हणून पूर्ण लोळवणं, यावरून कण बहुधा आडव्या नळीत होते. आडव्या नळीची हालचाल डावी-उजवी असते, त्यात पीळ जवळपास नसतो, आणि डावी-उजवी हालचाल दाबण्यात आपली नजर सगळ्यात पटाईत. त्यात डिक्स-हॉलपाइकमध्ये मान ज्या कोनात असते तो मागच्या नळीसाठी चांगला, आडव्या नळीसाठी सपाट झोपवून डोकं थोडं उचलून डावी-उजवीकडे वळवावं लागतं. म्हणजे दोन गोष्टी एकत्र आल्या, स्थिती वेगळी आणि वर नजर रोखलेली. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन्ही बदललं.

गॉगलबद्दल विचारलंत. जुना प्रकार फ्रेंझल चष्मा, जर्मन डॉक्टर हेर्मान फ्रेंझल यांच्या नावाचा. त्यात साधारण २० नंबरची जाड फुगीर भिंगं असतात आणि आत छोटे दिवे. पेशंटला त्यातून सगळं धूसर दिसतं, नजर रोखायला काही सापडत नाही, आणि डॉक्टरला मात्र डोळा मोठा आणि उजळ दिसतो. स्वस्त आहे, टिकाऊ आहे, वीज गेली तरी सेलवर चालतो आणि मला मनापासून वाटतं की चक्कर तपासणाऱ्या प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात तो असायलाच हवा. फक्त खोलीत अंधार करावा लागतो, नाहीतर खिडकीचा उजेड किंवा ट्यूबलाइट धूसर का होईना पण दिसते आणि माणूस तिलाच धरून ठेवतो. नवा प्रकार म्हणजे तुमच्या आईला लावला तो, आतून पूर्ण काळोख आणि इन्फ्रारेड कॅमेरा, त्या किरणांचा उजेड पेशंटला दिसत नाही पण कॅमेऱ्याला डोळा स्वच्छ दिसतो. रेकॉर्डिंग होतं, परत परत बघता येतं.

एक गोष्ट सांगायचीच राहील म्हणून इथेच सांगते. चक्कर खूप जोराची असेल तर डावी-उजवी हालचालही उजेडात दिसते, कारण नजरेच्या लगामाला वेगाची मर्यादा आहे, डोळा फार वेगाने सरकायला लागला की तो सुटतो. मग गॉगल कशाला, असं काही जण विचारतात. अहो, पण मधला जोराचा भाग तेवढा दिसतो, सुरुवातीचा आणि शेवटचा हळू भाग नजर खाऊन टाकते. हालचाल २० सेकंद टिकली की सव्वा मिनिट यावरून कण नळीत मोकळे फिरतायत की नळीच्या टोकाच्या पडद्याला चिकटलेत याचा अंदाज बांधायचा असतो, मोकळे असतील तर बहुधा मिनिटाच्या आत थांबते, चिकटले असतील तर जास्त चालते. आडव्या नळीत तर आणखी पंचाईत आहे. तिथे दोन्ही बाजूंना डोळे हलतात आणि कुठला कान बिघडलाय हे कुठल्या बाजूला जास्त जोरात हलले यावरून ठरवतात. डोळे जमिनीकडच्या कानाकडे झटकत असतील तर जोराची बाजू आजारी, छताकडे झटकत असतील तर कमजोर बाजू आजारी. आता समजा पेशंटने उजवीकडे वळल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे टक लावली आणि डावीकडे वळल्यावर तिथे नुसती कोरी भिंत होती, तर तुलनाच खोटी झाली ना? चुकीच्या कानाचा उपचार होणार आणि पेशंट म्हणणार मला लोळवून काही उपयोग झाला नाही. शिवाय आडव्या नळीच्या काही पेशंटमध्ये नुसतं बसलेलं असतानाही डोळ्यांची अगदी मंद हालचाल असते, मान थोडी पुढे झुकवली की ती थांबते आणि आणखी झुकवली की दिशा बदलते, कुठला कान ते ठरवायला याची चांगली मदत होते. ही मंद हालचाल उजेडात जवळपास कधीच दिसत नाही.

प्रश्न: आमच्या गावात गॉगलवाले डॉक्टर नाहीत. ११० किलोमीटर जायचं आणि यायचं, वाटेत चक्कर आणि उलटी. गॉगल नसताना काहीच करता येत नाही का? — एक वाचक, गडचिरोली

उत्तर: येतं की, आणि बऱ्यापैकी येतं. वर सांगितलं तसं बहुतेकांच्या मागच्या नळीत कण असतात आणि तो पीळ उघड्या डोळ्यांना दिसतो. तुमच्या डॉक्टरांना डिक्स-हॉलपाइक आणि एप्ली येत असेल तर एवढ्या लांब जायची गरजच नाही. एप्ली ही कण परत जागेवर नेण्याची पद्धत, अमेरिकेतल्या पोर्टलंडचे डॉक्टर जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये तिचं सविस्तर वर्णन छापलं, तिला लागतो फक्त एक पलंग आणि शिकलेले हात.

नजर सोडवायच्या साध्या युक्त्याही आहेत. खोलीत अंधार करायचा, पेशंटच्या एका डोळ्यावर हात धरायचा आणि दुसऱ्या डोळ्यात जवळून टॉर्च मारायचा, उजेडाने डोळा दिपतो, समोरचं काही दिसत नाही आणि दबलेली हालचाल उघडी पडते. किंवा चेहऱ्याच्या अगदी जवळ कोरा पांढरा कागद धरायचा आणि बाजूने डोळे बघायचे. गॉगलची सर याला नाही पण काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरं.

आणि नजर कुठे ठेवायला सांगितली यानेही फरक पडतो, हे फार कमी लोक वापरतात. मागच्या नळीच्या पेशंटला डोकं लटकवलेल्या स्थितीत खालच्या कानाकडे बघायला सांगितलं की पीळ ठळक दिसतो, वरच्या कानाकडे बघायला सांगितलं की तीच हालचाल वर झटकणारी दिसते. हालचाल एकच, आपण वेगवेगळ्या कोनातून बघतोय. उजेडात तपासताना शंका आली तर खालच्या कानाकडे बघा म्हणावं, पीळ दिसला तर निदान बऱ्यापैकी पक्कं.

चष्मा काढून ठेवला की नजर रोखली जाणार नाही असंही काहींना वाटतं. तसं नाही. जवळचं दिसणाऱ्याला जवळ आलेलं डॉक्टरांचं नाक चष्म्याशिवायही स्वच्छ दिसतं, आणि बाकीच्यांनाही चेहऱ्याएवढी मोठी गोष्ट धरून ठेवायला धूसर नजर पुरते.

प्रश्न: मला डॉक्टर आडवं करतात तेव्हा मी घाबरून डोळे गच्च मिटते, ते रागावतात. मिटले तर काय बिघडतं? — एक वाचक, बोरिवली

उत्तर: डोळे मिटले की डॉक्टरांना काही दिसत नाही, एवढंच. रागावू नये त्यांनी, भीती खरी असते. तुम्ही एवढं लक्षात ठेवा की चक्कर येणार आहे, ती बहुधा लगेच येत नाही, आडवं केल्यावर काही सेकंद काहीच होत नाही आणि मग येते, वाढते आणि साधारण अर्ध्या-पाऊण मिनिटात ओसरते. डॉक्टर तुम्हाला धरून असतात, पडू देणार नाहीत. पापण्या आपोआप मिटतच असतील तर सरळ सांगा की तुम्ही बोटांनी उघड्या धरा. तपासणीआधी दोन तास भरपेट खाऊ नका. आणि मुद्दाम कशावर नजर लावू नका, लांब कुठेतरी बघितल्यासारखं सैल बघा.

प्रश्न: बाबांना चक्कर येते तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि दवाखान्यात जाईपर्यंत सगळं थांबतं. मोबाइलवर डोळ्यांचा व्हिडिओ काढला तर चालेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: चालेल नाही, काढाच. आमच्यासाठी तो सोन्यासारखा असतो. पण बाबांनी सेल्फी कॅमेऱ्याने स्वतः काढू नये, कारण मग ते स्क्रीनवर स्वतःच्याच डोळ्यांकडे टक लावून बघतात आणि जे टिपायचंय तेच दबतं. दुसऱ्या कुणीतरी मागच्या कॅमेऱ्याने काढावा, खोलीतला दिवा लावून. फोनचा फ्लॅश बाजूने पडू द्या, लेन्सकडे बघू नका असं बाबांना सांगा. दोन्ही डोळे फ्रेममध्ये हवेत, पापण्या लागल्यास हलकेच वर धरा, आणि रेकॉर्डिंग चालू ठेवूनच तोंडाने बोला, उजव्या कुशीवर आहेत, आता डाव्या कुशीवर वळले, आता उठून बसले. किती वेळ चाललं हे घड्याळापेक्षा व्हिडिओतून बरोबर कळतं. उठून बसल्यावर लगेच बंद करू नका, कारण बसल्यावर डोळे बऱ्याचदा उलट दिशेने हलतात आणि तेही आम्हाला हवं असतं. व्हिडिओत काही दिसलं नाही तरी डॉक्टरांना दाखवा, आणि काही दिसलं नाही म्हणून बाबा नाटक करतायत असं घरात कुणी म्हणू नका, कृपा करून. चक्कर खरी आणि हालचाल दबलेली, असं अगदी होऊ शकतं.

प्रश्न: मला अधूनमधून डोकं जड वाटतं, कूस बदलताना काही होत नाही. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये व्हीएनजी, म्हणजे कॅमेऱ्याचा गॉगल लावून डोळ्यांच्या हालचालीची तपासणी, केली, रिपोर्टमध्ये पोझिशनल नायस्टॅगमस लिहिलंय. नेटवर वाचून झोप उडाली. — एक वाचक, नाशिक

उत्तर: दादा, शांत व्हा. नजरेचा लगाम काढला की त्याचीही एक दुसरी बाजू येते. पूर्ण काळोखात, गॉगलच्या आत, डोकं या ना त्या कुशीवर ठेवलं तर अनेक तंदुरुस्त माणसांचे डोळेही हलकेच सरकतात. उजेडात ती हालचाल दबलेली असते आणि आयुष्यभर कुणाला कळतही नाही. म्हणून रिपोर्टमधल्या एका ओळीवर निदान होत नाही. बीपीपीव्हीमध्ये हालचाल उसळून येते, वाढते, ओसरते, आणि त्याच वेळी पेशंटला गरगरतं. तुमच्यात मंद, एकसारखी हालचाल आणि चक्कर शून्य, असं असेल तर बहुधा त्याला काही अर्थ नाही. ज्यांनी तपासलं त्यांच्याकडून रेकॉर्डिंग मागून घ्या आणि एखाद्या कानाच्या डॉक्टरांना दाखवा, नुसता ग्राफ नको. ग्राफबद्दल अजून एक, बऱ्याच मशीनचा ग्राफ फक्त डावी-उजवी आणि वर-खाली हालचाल काढतो, पीळ त्यात येतच नाही, तेव्हा ग्राफ सपाट असूनही व्हिडिओत पीळ असू शकतो. डोळे बघायला डोळेच लागतात.

प्रश्न: माझ्या मोठ्या बहिणीला आडवं केल्यावर डोळे सरळ खाली झटकत होते, डॉक्टरांनी तिला बोटाकडे बघायला सांगितलं तरी थांबले नाहीत, आणि त्यांनी ताबडतोब एमआरआय सांगितला. साध्या चकरेला एवढा खर्च कशाला असं घरचे म्हणतायत. — एक वाचक, पणजी

उत्तर: घरच्यांना सांगा की डॉक्टर योग्य करतायत, आणि एमआरआय करून घ्या. ठरावीक बीपीपीव्हीला एमआरआय लागत नाही हे मी स्वतः नेहमी सांगते, पण तुमच्या ताईंचं ठरावीक नाही.

कानातून येणारी वर-खाली किंवा डावी-उजवी हालचाल नजर रोखल्यावर कमी व्हायला हवी, कारण ती दाबणारा लहान मेंदू ठणठणीत असतो. नजर रोखूनही ती तशीच राहिली तर शंका येते की दाबणारी यंत्रणाच बिघडली की काय. त्यात पीळ नसलेली सरळ खाली झटकणारी हालचाल, आडवं करताच क्षणाचाही उशीर न होता सुरू होणारी, डोकं तसंच ठेवलं तर न थांबणारी, परत परत केलं तरी न थकणारी, यातलं काही असेल तर मेंदूकडे बघणं भाग आहे. कधी कधी वरच्या नळीत कण पडल्यानेही डोळे खाली झटकतात, तो प्रकार दुर्मिळ आहे आणि निरुपद्रवी आहे, पण आधी मेंदूचं काही नाही हे बघूनच तसं म्हणता येतं. म्हणजे चांगला डॉक्टर दोन्ही करून बघतो, आधी नजर सोडवून आणि मग नजर रोखायला लावून, आणि दोन्हींतला फरक नोंदवतो. तुमच्या ताईंच्या डॉक्टरांनी बोट दाखवलं ते यासाठी.

आणि हे सगळ्यांसाठी, चकरेबरोबर एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं, हातापायात ताकद न राहणं, आधाराशिवाय उभंच राहता न येणं, किंवा पूर्वी कधी नव्हती अशी भयंकर डोकेदुखी असेल तर गॉगल, व्हिडिओ काही नको, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा.

प्रश्न: तपासणीला येण्याआधी चकरेच्या गोळ्या बंद करा असं सांगितलंय. गोळ्या बंद केल्यावर चक्कर वाढली तर? — एक वाचक, लातूर

उत्तर: प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, मेक्लिझिन अशा गोळ्या कानाकडून येणारा निरोप आणि डोळ्यांची हालचाल दोन्ही मंदावतात. वर पेशंटने नजर रोखली की उरलीसुरली हालचालही जाते आणि तपासणी नॉर्मल येते. म्हणून साधारण दोन दिवस आधी बंद करायला सांगतात. या गोळ्यांनी नळीतले कण बाहेर येत नाहीत, त्या मळमळ कमी करतात इतकंच, तेव्हा दोन दिवस थांबल्याने आजार वाढणार नाही, त्रास मात्र थोडा जाणवेल. तेवढे दोन दिवस उशी थोडी उंच घ्या, कूस सावकाश बदला, उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, आणि स्कूटर चालवू नका, शिडीवर चढू नका. पण फिट्सच्या, बीपीच्या, शुगरच्या, झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर त्यांना स्वतःच्या मनाने हात लावायचा नाही. पाकिटं पिशवीत घालून बरोबर न्या, काय घेताय ते डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनाच ठरवू द्या.